बाहुल्याच्या अंगावरचा सदरा

केळवे,
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुलू,

मोनालीच्या लेखातले पहिलेच वाक्य चुकीचे आहे. ‘विवाहानंतर पतीच्या भक्कम पाठिंब्यावर सुलूताई १९८४ साली झांबियाला गेल्या,’ असे ती लिहिते. १९८४ साली तुला पती नव्हता. मी तेव्हा पालघरच्या शाळेत आठवीच्या वर्गाला व्याकरण शिकवत होतो, आणि शिरगावात सुलोचना नावाची कोणी परिचारिका राहते याची मला वार्ताही नव्हती. जो पाठिंबा मी दिला नाही, तो माझ्या नावावर छापला जाणे मला मान्य नाही.

हा लेख तुमच्या पालघरच्या नर्सिंग प्रशिक्षण केंद्राच्या माजी विद्यार्थिनींनी काढलेल्या दिवाळी अंकात आला आहे. तुझ्या जागेवर आता शिकवणारी तुझी विद्यार्थिनी म्हणून मोनालीकडून मी अधिक काळजीची अपेक्षा केली होती. अंक तिने स्वतः घरी आणून दिला आणि दारातच म्हणाली, “सर, चुका काढू नका हं, दिवाळी आहे.” मी दिवाळी संपण्याची वाट पाहिली.

दुसरी चूक. ‘वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ताई झांबियातल्या त्याच रुग्णालयात नर्सिंगच्या मुलींना विनावेतन शिकवायला पुन्हा निघाल्या, तेव्हा विमानतळावर अण्णांनी त्यांना साश्रू नयनांनी हार घातला.’ हार अण्णांनी, म्हणजे मी, घातला नाही, शैलेशने घातला. आपला मुलगा तुला बोईसरहून गाडीने घेऊन गेला, त्याची बायको जागृती हिने फोटो काढले. मी विमानतळावर आलो नव्हतो. सुका त्या दिवशी नारळ उतरवायला येणार होता आणि वाडीत कोणीतरी असणे आवश्यक होते. हे तुला माहीत आहे. वाचकांना माहीत नाही, म्हणून लिहिले.

तिसरी गोष्ट चूक म्हणता येणार नाही, परंतु ती मला खटकली. शेवटच्या पानावर तू पाठवलेला फोटो आहे. खाटेवर कापडाचा बाहुला, एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला बाहुल्याचे खांदे धरून हसणारे गृहस्थ. खाली छापले आहे : ‘ताई आणि त्यांचे जुने सहकारी श्री. म्वाले.’ बाहुल्याच्या अंगात निळ्या पट्ट्यांचा सदरा आहे. तो कोणाचा, हे मी तुझ्या आवाजी निरोपातून आधीच ऐकले होते. तुझे शब्द जसेच्या तसे देतो, कारण मी तो निरोप जपून ठेवला आहे :

“अहो, ऐका ना. इकडे नुसता उकाडा. मुलींना पेशंट कसा वळवायचा ते शिकवायला बाहुला नव्हता, मग म्वालेने आपला जुना शर्ट-पँट दिला, मुलींनी मक्याच्या पात्यांचा चुरा भरला. आणि नाव काय ठेवलं सांगू? बाम्बो म्वाले! म्हणजे म्वालेबाबा. म्हातारा हसून हसून खाली बसला. अजून तसाच हसतो हो.”

‘अजून’ या शब्दाच्या पोटात एक जुना काळ असतो. तो काळ तुमचा दोघांचा आहे. तू तिकडे पंचविशीतली सिस्टर होतीस, तो तुझ्या वॉर्डात शिकणारा मुलगा. आज तो तिथला शिक्षक आहे आणि, तूच सांगितलेस त्याप्रमाणे, विधुर आहे.

त्याच निरोपाच्या शेवटी तू विचारले आहेस : “प्राचार्यबाई म्हणतात मार्चमध्ये जाऊ नका, या बॅचची परीक्षा होईपर्यंत राहा. म्हणजे अजून वर्षभर धरा. फेब्रुवारीअखेर त्यांना सांगायचंय. मी म्हटलं, घरी विचारते. काय सांगू?”

या प्रश्नाचे उत्तर या पत्रात नाही.

पत्राचा फोटो काढून पाठवत आहे. कडा वाकड्या आल्या असतील, अक्षर सरळ आहे.

तुझा,
पुंडलिक


केळवे,
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुलू,

“एवढ्याशा बाहुल्यावरून काय हो!” असे तू म्हणालीस. मग या बाहुल्याचा पूर्वेतिहास लिहून ठेवणे मला भाग आहे.

पालघरच्या केंद्रात १९९४ साली बाहुला नव्हता. तू माझा पांढरा सदरा आणि पायजमा नेलास, आपल्याच वाडीतल्या नारळांचा काथ्या त्यात भरलास, उशीच्या अभ्र्याचे डोके केलेस आणि त्यावर शाईने चष्मा काढलास. हे तू मला सांगितले नव्हतेस. मला ते पालघरच्या बाजारात कळले. मी भेंडी निवडत होतो. शेजारी दोन मुली उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, “आज अण्णांना एनिमा मी दिला.” दुसरी म्हणाली, “तुझं बरं हाय. मला अण्णांची नुसती नखं कापायला दिली.” मी भेंडी तशीच ठेवून घरी आलो.

त्या रात्री मी जे बोललो ते मी आजही मागे घेत नाही. आणि तू जे उत्तर दिलेस तेही माझ्या लक्षात आहे. “अहो, तुमच्याइतका गप्प पडून राहणारा पेशंट मला मिळायचा कुठे?”

पण पुढे सवय झाली, हे मान्य करतो. सदरा फाटला की तू कपाटातून माझा दुसरा न्यायचीस. मुलींच्या बॅचेस बदलल्या, बाहुला अण्णाच राहिला. लग्नात, एसटीत, दवाखान्यात कोणी नर्स ओळख नसताना माझ्याकडे बघून हसली, की मला कळे की हिने मला कधीतरी स्पंजने पुसले आहे. याची मला लाज वाटत असे आणि, कोणाला सांगू नकोस, थोडा मानही वाटत असे. कपडे ज्याचे, नाव त्याचे, हा नियम तूच घातलास. तो नियम तू झांबियात पाळलास, एवढीच माझी तक्रार आहे. तो पाळता आला कारण तू जाताना माझा एकही सदरा नेला नाहीस.

म्हणून काल मी पालघरच्या टपाल कचेरीत जाऊन दोन पांढरे सदरे व एक पायजमा तुझ्या नावे रवाना केला. खिडकीवरच्या बाईंनी विचारले, “सर, आत काय आहे?”

“वापरलेले कपडे. बाहुल्यासाठी.”

“नात आहे वाटतं तिकडे!”

“नाही. पत्नी आहे.”

बाईंनी पार्सलवर शिक्का मारला.

पार्सल मिळताच निळ्या पट्ट्यांचा सदरा श्री. म्वाले यांना धुऊन, इस्त्री करून, आभारपूर्वक परत करावा. बाहुल्याचे नाव मुली आपोआप बदलतील. तुझी पालघरची मुले-माणसे तुला ‘बाई’ म्हणतात, तिकडच्या मुली ‘आई’ अशा अर्थाचा शब्द वापरतात असे तू कौतुकाने सांगितलेस. शैलेशला ते सांगू नकोस.

तुझ्या प्रश्नाचा विचार चालू आहे.

तुझा,
पुंडलिक


केळवे,
२२ डिसेंबर २०२५

सौ. सुलोचना हिस,

पार्सल पोहोचले, हे कळले. त्यानंतर जे झाले तेही कळले. तुझा निरोप मी एकदा घरात ऐकला आणि एकदा समुद्रावर जाऊन ऐकला, कारण घरात ऐकताना मला वाटले की फोन बिघडला असावा. शनिवार असल्याने किनाऱ्यावर मुंबईची मंडळी होती. घोडागाडीवाला मला ओळखतो. तो म्हणाला, “सर, बाईंचा फोन का? जोरात लावा, आमी पन ऐकतो.” मी बंद केला.

तुझे म्हणणे असे :

“अहो, रागावू नका. एक आजोबा आले होते, सायकलवर बांधून आणलेले, पाय सडलेला. कपडे कापूनच काढावे लागले. बरे झाले, घरी जायची वेळ आली तर अंगावर घालायला काही नाही. मग तुमचा सदरा-पायजमा दिला. काय बसला हो! सगळी बटणं लावली त्यांनी, गळ्याचंसुद्धा, अगदी तुमच्यासारखं. मला हसू पण आलं आणि... जाऊ दे.”

येथपर्यंत माझी हरकत नाही. सदरा माणसाच्या अंगावर गेला. आजारी माणसाला वस्त्र दिले म्हणून तक्रार करणारा मी नव्हे. ‘आणि’नंतर तू काय म्हणणार होतीस ते मात्र सांगायला हवे होतेस. वाक्य अर्धे सोडू नये.

परंतु पुढे तू म्हणतेस :

“आणि दुसरा ना, म्वालेला दिला. त्याचा एक शर्ट बाहुल्याने खाल्ला ना, म्हटलं ही भरपाई. नाताळच्या प्रार्थनेला घालणार म्हणतो.”

सोबत फोटो आहे. श्री. म्वाले माझ्या सदऱ्यात उभे आहेत. तो सदरा मी शैलेशच्या लग्नात दुसऱ्या दिवशी घातला होता. त्याच्या कॉलरला तू आतून टाका घातलेला आहेस. फोटोत टाका दिसत नाही, पण तो तिथे आहे हे मला माहीत आहे. श्री. म्वाले यांना ते माहीत नाही. गळ्याचे बटण त्यांनी उघडे ठेवले आहे. त्यांच्या शेजारी तू आहेस आणि तुम्ही दोघे बाहुल्याकडे बघून हसत आहात. बाहुला अजून निळ्या पट्ट्यांतच आहे.

म्हणजे मी पाठवलेल्या वस्त्रांचा हिशेब असा लागला की बाहुलाही म्वाले आणि माझ्या सदऱ्यातला माणूसही म्वाले. त्या वॉर्डात मी कोठेच नाही.

ती मंडळी तुला माझ्याआधी भेटली. तीन वर्षे तू त्यांची होतीस. नंतर लग्न, शैलेश, पालघरच्या मुली, रात्रपाळ्या. मला वाटे, निवृत्त झालीस की माझी पाळी येईल. निवृत्तीनंतर तू आठ वर्षे त्या लोकांच्या पत्रांची वाट पाहिलीस, हे मला दिसत होते. पोस्टमन आला की तू माझ्या आधी उठायचीस.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर देतो. राहू नकोस. ३१ मार्चला ठरल्याप्रमाणे परत ये. मी आजारी नाही, वाडीला अडचण नाही, जेवणाची सोय आहे. कारण कोणतेही नाही. मला नको आहे, एवढेच.

पुंडलिक


केळवे,
१९ जानेवारी २०२६

प्रिय सुलू,

तू एका शब्दात उत्तर दिलेस : “बरं.” आवाजी नाही, लिहिलेले. अनुस्वार योग्य जागी होता. मी जिंकलो आहे असे मला दिवसभर वाटत राहिले, आणि संध्याकाळी पानवेलीला पाणी सोडताना वाटेनासे झाले. संक्रांतीला शैलेश आणि जागृती तिळाचे लाडू घेऊन आले होते. मी त्यांना सांगितले की आई मार्चअखेर येते आहे. जागृती म्हणाली, “आईंनी स्वतः ठरवलं?” मी लाडवाविषयी बोललो.

पण आज हे पत्र वेगळ्याच कारणासाठी लिहीत आहे. मला तुला काही विचारायचे नाही. फक्त झाले ते नोंदवतो.

गेल्या आठवड्यात मोनालीचा फोन आला. “सर, एक वाईट बातमी. अण्णा गेले.” मी खुर्चीत बसलो होतो, बसूनच राहिलो. मग तिलाच तिचे शब्द ऐकू आले असावेत. “अय्यो, तुम्ही नाही सर! बाहुला. उंदरांनी काथ्या बाहेर काढला. पोटात पिल्लं घातलीत. नवा करतोय, तुमचे कपडे द्याल का? नाहीतर माझ्या सासऱ्यांचे आहेत.”

सासऱ्यांचे नको, मी स्वतः आणतो, असे मी म्हणालो.

शुक्रवारी सदरा-पायजमा घेऊन पालघरला गेलो तर तिथे मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा. बाहुला शिवून झालेला नव्हता. परीक्षक बाहेरगावच्या, घड्याळ बघणाऱ्या. मोनाली हातातल्या रिकाम्या कापडाकडे बघे, मग माझ्याकडे बघे. शेवटी म्हणाली, “सर, तुम्ही पडता का जरा? पांघरूण घालू. नुसतं कुशीवर वळवायचं आणि अंथरूण बदलायचं. सुया-बिया काही नाही.”

मी पडलो. का पडलो ते मला विचारू नकोस. एवढी वर्षे माझ्या नावाने दुसरा पडत होता.

पहिली मुलगी नवसी नावाची, जव्हारकडची, लहानशी, हात मात्र थंड आणि घट्ट. खाटेजवळ येऊन उभी राहिली आणि तिने मला हात लावण्याआधी सांगितले, “अण्णा, आता मी तुमाला डाव्या कुशीवर वळवते. घाबरू नका, मी हाय.”

मी म्हणालो, “‘मी आहे’ असे म्हणावे.”

“अण्णा, बाहुला बोलत नाय,” ती म्हणाली. सगळा वर्ग हसला. परीक्षकबाईसुद्धा.

तिने मला वळवले. चादरीची एक बाजू काढली, दुसरी घातली, पुन्हा वळवले, प्रत्येक वेळी आधी सांगून. मग ती खाली वाकली. मला वाटले काही पडले. ती उठली तेव्हा तिच्या हातात माझ्या चपला होत्या. दाराबाहेर काढलेल्या होत्या, तिने त्या धुऊन, पुसून आणल्या होत्या. त्या तिने खाटेसमोर, माझ्या नजरेच्या टप्प्यात, टोके दाराकडे करून ठेवल्या.

“चपला दिसतात का, अण्णा? तोंड दाराकडं केलंय. तुमी घरी जानार हाय.”

सुलू, बावीस वर्षांपूर्वी माझी अंतर्गळाची, म्हणजे लोक ज्याला हर्निया म्हणतात त्याची शस्त्रक्रिया झाली. गुंगी उतरली तेव्हा मला छत दिसत होते, आणि जिवंत आहे की नाही याची खात्री नव्हती. बोलता येत नव्हते. मान कलली तेव्हा माझ्या चपला दिसल्या. खाटेसमोर, टोके दाराकडे. तू खिडकीपाशी पाठमोरी उभी होतीस. तू काही बोलली नाहीस, मीही नंतर कधी विचारले नाही. पण त्या क्षणी मला कळले की मी घरी जाणार आहे आणि कोणीतरी तसे ठरवले आहे. आपल्या लग्नात शब्द कमी होते. तू दमलेली असायचीस, मी दुरुस्त्या करत असायचो. ती गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. ती माझी होती. श्री. म्वाले यांच्याकडे तुझी तीन वर्षे असतील, माझ्याकडे त्या चपला होत्या.

आणि शुक्रवारी कळले की तो अभ्यासक्रम आहे. त्याला गुण आहेत. नवसीला ते मिळाले.

मी खाटेवरून उतरून मोनालीला विचारले, हा चपलांचा पाठ कोठून आला. ती कपाळावर आठी घालून म्हणाली, “मी २००४ ची बॅच ना सर, आम्हाला होताच. बाईंनी झांबियाहून आणला असणार. तिकडचं त्या खूप काय काय सांगायच्या.”

झांबियाहून. म्हणजे तो पाठ माझ्याआधीचा. म्हणजे तू तिकडे कोणत्यातरी खाटेसमोर कोणाच्या तरी चपला ठेवल्यास, तेव्हा श्री. म्वाले तुझ्या शेजारी उभे राहून शिकत होते. आणि पुढे मी पडलो, तेव्हा तू हाताला लागलेली सवय म्हणून माझ्याही ठेवल्यास.

तू विमानाने गेलीस त्या दिवशी सुका नारळ उतरवायला आला नव्हता. दुसऱ्या दिवशी यायचे ठरले होते. हे तुला कोणीतरी सांगितले असेलच.

तू परत यायचे ठरले आहे, त्यात बदल नाही. पण ज्या एका गोष्टीच्या हक्काने मी तुला ‘परत ये’ म्हणालो, ती माझी नव्हतीच असे आता दिसते. यावर तू स्पष्टीकरण देऊ नयेस. दिलेस तर ते मला बरे वाटावे असेच देशील, आणि मला ते ओळखू येईल.

पुंडलिक


केळवे,
९ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुलू,

तू विनंती पाळलीस. स्पष्टीकरण दिले नाहीस. नुसते लिहिलेस, “तब्येत सांभाळा.” तेव्हा साक्षीदार मलाच शोधावा लागला.

मोनाली २००४ ची. तिच्या आधीची आणि मला माहीत असलेली एकच, साखरबाई. परभणीकडून आलेली, नवरा बोईसरच्या कारखान्यात. तुझ्या हाताखाली शिकली आणि मग पालघरच्याच वॉर्डात लागली. ती आता घरीच असते, सालवडला. मोनालीकडून पत्ता घेतला आणि काल एसटीने बोईसर, तिथून रिक्षाने सालवड. रिक्षावाल्याने विचारले, “चाचा, कंपनी जाना है क्या?” मी म्हणालो, चपलांच्या चौकशीला जायचे आहे. तो म्हणाला, “दुकान तो स्टेशन पे है.”

साखरबाई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मला पाहून उठली. “सर, तुमी? या की. बाई बऱ्या हायेत ना?”

मी बसण्याआधीच विचारले : तुमच्या वेळी बाई रुग्णाच्या चपला खाटेसमोर ठेवायला शिकवत असत का?

“काय?”

मी प्रश्न पुन्हा विचारला, सुटा सुटा करून.

ती मेथीची जुडी हातात धरून हसायला लागली. “बायको साता समुद्रापल्याड गेली अन् तुमी चपला हुडकत फिरायलाव व्हय, सर? आमच्या टायमाला वॉर्डात चपला? बाईंनी पाय मोडले असते! एकदा एका पेशंटच्या पोरानं आत आणली, तर बाईंनी त्याला चपलेसकट भाईर काढला. मला म्हनल्या, साखर, जंतू काय पायी चालत येतात का, चपलेत बसून येतात.”

“मग हे कधी सुरू झाले?”

“तुमचं पोटाचं आपरेशन झालं ना, तव्हापासून.”

मी तिला सांगितले की अंदाजाने बोलू नये, पाहिले असेल तेच सांगावे. तिला त्याचा राग आला. बरोबरच होते.

“अंदाज कशाला? मी डूटीवर होते. तुमाला आत नेलं अन् बाई भाईर बसल्या. बोलंनात, चहा घेईनात. मग उठल्या, तुमच्या चपला उचलल्या अन् नळावर गेल्या. कोल्हापुरी व्हत्या. फिनेलनं धूत बसल्या, घासू घासू. आमी पोरी कोपऱ्यात हसलो. मी गेले, म्हनलं बाई, कातडं हाय, वाकडं होईल. तर म्हनल्या, ‘होऊ दे वाकडं. त्यांना उठल्यावर दिसायला पायजेत. नाहीतर त्यांना वाटंल, मी त्यांना इथंच ठिवलंय.’ पुढच्या बॅचला मग त्याच चपला घेऊन क्लासात गेल्या. तवा कळलं, की आता नेम बदलला.”

त्या चपला वाकड्या झाल्या होत्या. त्यावरून मी तुझ्याशी आठवडाभर बोललो नव्हतो. चांगल्या चपलांची वाट लावली म्हणून. हे मी साखरबाईला सांगितले नाही. तिने मेथीची एक जुडी बांधून दिली आणि म्हणाली, “बाईंना सांगा, साखर तशीच हाय, बोलते जास्त.”

सुलू, साक्षीदार प्रत्यक्षदर्शी आहे आणि तिला मला खूश करण्याचे कारण नाही. तेव्हा मी ते ग्राह्य धरतो. पाठ झांबियाहून आला नाही. माझ्या खाटेपासून निघाला आणि इतरांकडे गेला. माझ्या अंगावरून काढलेले ते आणखी एक वस्त्र होते असे म्हण, जे तू वाटून टाकलेस. तू वाटून टाकतेस. ती तुझी रीत आहे, आणि ती मला कधी आवडणार नाही.

तिकडच्या मुलींना तो पाठ तू अजून शिकवला नसशील तर शिकव. म्वाले यांनाही शिकव. शिकवताना चपला कोणाच्या होत्या हे सांगण्याची गरज नाही. सांगितलेस तर माझी हरकत नाही. नाव पुंडलिक, ‘अण्णा’ नव्हे. अण्णा हा बाहुला आहे.

श्री. म्वाले यांच्याविषयी माझे मत बदललेले नाही. सदरा त्यांनी ठेवावा. गळ्याचे बटण लावावे.

मोनाली म्हणते की पुढच्या अंकात ती शुद्धिपत्र छापेल, तारखा लिहून द्या. तिच्यासाठी केलेली यादी तुलाही पाठवतो. तुला काही वेगळे आठवत असेल तर आठवड्याच्या आत कळव, कारण महिनाअखेरीस तुलाही प्राचार्यबाईंना सांगायचे आहे.

तुझा,
पुंडलिक

शुद्धिपत्र

१. सुलोचना यांचे झांबियास पहिले प्रयाण : ११ ऑगस्ट १९८४. विवाहापूर्वी. पतीच्या पाठिंब्याचा संबंध नाही.

२. तेथून परत : २ जून १९८७. लेखात १९८८ आहे.

३. विवाह : ८ मे १९८८, शिरगाव. लेखात दिलेले नाही, ते द्यावे.

४. पालघरच्या केंद्रातील पहिला बाहुला : १९९५. लेखात उल्लेख नाही. माझ्या एका पत्रात १९९४ असे आले आहे, ती माझी चूक. साखरबाई त्याच वर्षी दाखल झाल्या आणि त्यांनी त्याचा चष्मा काढताना पाहिला.

५. माझी शस्त्रक्रिया : १९ ऑगस्ट २००३.

६. चपलांचा पाठ वर्गात प्रथम शिकवला : २००३, दसऱ्यानंतर. त्यापूर्वी नाही. झांबियात तर नाहीच. हे ठळक अक्षरात छापावे.

७. झांबियास दुसरे प्रयाण : ७ सप्टेंबर २०२५. हार शैलेश यांनी घातला. पती घरी होते. काम काही नव्हते.

८. सुलोचना यांचे परतणे : लेखात ‘३१ मार्च २०२६’ असे आहे. ते काढावे. मुलींची परीक्षा होऊन निकाल लागल्यानंतर. तारीख त्या कळवतील.